नकाराचे मोल

माझी सायकल चोरीला गेली त्या गोष्टीला आता पंचेचाळीसहून अधिक वर्षे झाली. १९७९ सालचा श्रावण होता. मी तेव्हा पुण्याच्या एका महाविद्यालयात संस्कृतचा नवा अध्यापक होतो. आणि त्या काळच्या पुण्यात ज्याला सायकल नाही त्याला पायच नाहीत, असे समजत. जुन्या पुस्तकांच्या एका दुकानापुढे सायकल उभी करून मी आत गेलो. पुस्तके चाळणारा माणूस किती वेळाने बाहेर येतो, याचा अंदाज दुकानदारापेक्षा चोराला अधिक असतो. बाहेर आलो, तो सायकल नव्हती. भुरभुर पावसात चालत चालत मी एका पोलीस चौकीत गेलो.

तिथे माझ्या आधी एक बाई आलेली होती. ती भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. वय चाळिशीच्या आसपास असेल. पदराने डोके घट्ट आवळले होते आणि कानामागून मानेवर आलेला रक्ताचा ओघळ सुकून काळा पडला होता. हवालदाराने माझ्या काखेतली पुस्तके पाहिली आणि खुर्ची पुढे सरकवली. "या, बसा सर. काय झालं?"

मी सांगू लागलो, तशी ती बाई मधेच म्हणाली, "साहेब, माझं लिहून घ्या आधी. कवाधरनं बसलीय मी. त्याला मी नको म्हटलं. त्याचे पैसे त्याच्या हातावर ठेवले. तरी त्यानं माझं डोकं भिंतीवर आपटलं. माणूस मला ठावा आहे. नाव सांगते, लिहून घ्या."

हवालदाराने मान न वळवताच विचारले, "तुझ्या धंद्यात कसलं आलंय गं नको?"

कोपऱ्यातला शिपाई हसला. हवालदार हसला. आणि मीही हसलो.

ते हसू काही मोठे नव्हते. खुर्ची देणाऱ्या माणसाने विनोद केला की सभ्य माणसाच्या ओठांवर जेवढे येते, तेवढेच ते होते. पण त्या बाईने माझ्याकडे पाहिले आणि ती बोलायची थांबली. हवालदाराच्या बोलण्याने ती थांबली नव्हती. ते तिच्या अंगवळणी पडले असावे. मग हवालदाराने वही ओढली आणि माझ्या सायकलीचा क्रमांक, रंग, घंटी कुठल्या बाजूला होती, हे सारे नीट लिहून घेतले. सायकल माझीच होती याला पुरावा काय, असे त्याने मला विचारले नाही. मी निघालो तेव्हा ती तिथेच बसलेली होती.

सायकल सापडली नाही. त्याचे दुःख महिन्याभरात ओसरले. ते हसू मात्र अजून ओसरलेले नाही. आपण हसलो ते नेमके कशाला, हा प्रश्न मी पुढे अनेकदा स्वतःला विचारला. ती खोटे बोलते आहे असे मला वाटले होते काय? नाही. रक्त डोळ्यांपुढे होते. तिने मार खावा असे मला वाटत होते काय? मुळीच नाही, मी कोणाला चापटही मारलेली नाही. मग? मला असे दिसते की, त्या हसण्यात एक सिद्धान्त दडलेला होता आणि तो मला शिकवावा लागला नव्हता. जिने एकदा होकार विकला, तिच्याजवळ नकार उरत नाही, हा तो सिद्धान्त. नकारच नाही म्हटल्यावर बलात्कार कसला, आणि मार तरी कसला? तो व्यवहारातला तंटा. भाजीवालीने तराजूवरून केलेल्या भांडणासारखा.

या सिद्धान्ताची मुळे आपल्या भाषेत खोल गेलेली आहेत. आपण सहज म्हणतो की, अमुक स्त्री शरीर विकते. या 'विकते' शब्दाकडे जरा थांबून पाहावे. विकलेली वस्तू विकणाऱ्याची राहत नाही. घेणारा ती घरी नेतो, वापरतो, मोडतो. त्याबद्दल त्याला कोणी जाब विचारत नाही. पण या स्त्रीचे शरीर कोणी घरी नेत नाही. ते तिच्याजवळच राहते. ते दुखते, तापते, म्हातारे होते, आणि ते सारे तिलाच भोगावे लागते. तिने विकलेले काही असलेच, तर ते अमुक वेळेपुरते, अमुक गोष्टीपुरते दिलेले संमतिपत्र आहे. गुळाच्या अड्ड्यावरचा हमाल आपली पाठ भाड्याने देतो. त्या पाठीवर व्यापाऱ्याने ढेप ठेवावी. लाथ घालू म्हटले तर चालणार नाही. तिसऱ्या ढेपेला हमाल 'आता नाही' म्हणाला, तर फार तर मजुरी कापली जाईल. त्याचे डोके फोडण्याचा अधिकार व्यापाऱ्याला मिळाला, असे आपण म्हणत नाही. हमालाच्या पाठीचा आणि हमालाचा भेद आपल्याला कळतो. या बाईपाशी आलो की तो भेद आपण विसरतो, आणि विसरलो हेही आपल्या ध्यानात येत नाही.

त्या सत्रात मी वर्गात 'मृच्छकटिक' शिकवत होतो. आठव्या अंकाशी आलो होतो. गाड्यांची अदलाबदल होते आणि वसंतसेना चारुदत्ताऐवजी राजाच्या मेहुण्याच्या, शकाराच्या, हाती सापडते. तो तिची विनवणी करतो, ती त्याला झिडकारते. विट आणि चेट दोघेही तिला मारायला नकार देतात, तेव्हा तो स्वतः तिचा गळा आवळतो आणि पाचोळ्याखाली तिला झाकून निघून जातो. हा अंक मी रंगवून शिकवत असे. वसंतसेनेचा बाणेदारपणा सांगताना माझाही आवाज चढे.

त्या दिवशी मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, वसंतसेनेचं चारुदत्तावर प्रेम नसतं, तर?"

"तर काय?"

"तर तिला शकाराला नाही म्हणता आलं असतं का?"

वर्गात खसखस पिकली. परीक्षेत हा प्रश्न येत नाही, असे काहीतरी बोलून मी पुढच्या श्लोकाकडे वळलो. शिक्षकाला उत्तर येत नसले की तो परीक्षेच्या आड लपतो. मला उत्तर येत नव्हते, आणि उत्तर चौकीतल्या त्या जमिनीवर बसलेले मी पाहून आलो होतो, हेही मला त्या क्षणी उमगले नाही.

त्या मुलीने नाटकाच्या नेमक्या मर्मावर बोट ठेवले होते. पहिल्याच अंकात विट वसंतसेनेला समजावतो की गणिका ही सर्वांची असते, तिने आवडत्या-नावडत्याचा विचार करू नये. प्रेम गुणांनी जडते, बळजोरीने नव्हे, असे ती त्याला ऐकवते. आपण प्रेक्षक तिच्या बाजूचे होतो. पण का होतो? ती एका पुरुषाशी मनाने बांधलेली आहे म्हणून. तिचा नकार पतिव्रतेच्या नकारासारखा दिसतो, म्हणून तो आपल्याला पवित्र वाटतो. त्या नकाराला चारुदत्ताची जामीनकी आहे. ती नसती तर शकाराच्या दुष्टपणाची आपल्याला चीड आली असती खरी, पण 'तिच्या धंद्यात कसलं नको' हा विचारही मनात कुठेतरी डोकावला असता.

पुढच्या अंकातली न्यायसभा तर अधिक बोलकी आहे. शकाराची फिर्याद आज ऐकायची नाही असे न्यायाधीश प्रथम ठरवतो; पण राजाला सांगून तुला काढून टाकीन, असा दम शकाराने भरताच तो ती ऐकून घेतो. चारुदत्तावर आळ येतो तो दागिन्यांसाठी खून केल्याचा. गणिकेचा खून दागिन्यांसाठी होऊ शकतो, हे त्या सभेला लगेच पटते. तिने कोणाला नाही म्हटले असेल आणि म्हणून तिचा गळा आवळला गेला असेल, ही शक्यता तिथे कोणी बोलूनही दाखवत नाही. शेवटी ती जिवंत परतते. चारुदत्ताच्या गळ्यातली वधमाला काढून ती शकाराच्या अंगावर फेकते. आपला निवाडा तिने एवढ्या स्पष्टपणे दिलेला असतो. पण शकार पाया पडतो, आणि त्याला अभय देतो तो चारुदत्त. गळा जिचा आवळला गेला, तिला कोणी विचारत नाही. तिला मिळते ती 'वधू' ही पदवी. शूद्रकाच्या उदारपणाबद्दल मला शंका नाही. त्याने शतकांपूर्वी जे लिहिले ते लिहायला आजही धैर्य लागेल. मला एवढेच दिसते की, इतका उदार कवीसुद्धा तिला माणूस ठरवण्यासाठी आधी वधू करतो.

आपल्याकडची कान्होपात्रेची कथा याच वळणाची आहे. मंगळवेढ्याच्या शामा गणिकेची ही मुलगी. तिच्या रूपाची कीर्ती बेदरच्या बादशहाच्या कानी गेली आणि त्याने तिला आणायला शिपाई धाडले. तिने नाही म्हटले. शिपायांना ते कुठून ऐकू येणार? एकदा विठोबाचे दर्शन घेऊ द्या, एवढे मागून ती देवळात गेली आणि देवाच्या पायांशी तिने प्राण सोडला. तिला दक्षिण दारापाशी पुरले आणि तिथे तरटीचे झाड उगवले, असे सांगतात. १९३१ साली बालगंधर्वांनी 'संगीत कान्होपात्रा' नाटकात ती उभी केली. माझ्या आजीने तो प्रयोग पाहिला होता, आणि त्याची आठवण सांगताना तिचा पदर डोळ्यांना लागे. त्याच आजीने, आमच्या वाड्यामागून जाणाऱ्या 'तसल्या' बाईची सावली आमच्यावर पडू नये म्हणून आम्हा मुलांना आत ओढून घेतल्याचेही मला आठवते. आजी दुटप्पी नव्हती. कान्होपात्रेच्या नकाराला विठोबाची जामीनकी होती, आणि तिने ती प्राण देऊन मिळवली होती. वाड्यामागच्या बाईपाशी काय होते?

जिच्यापाशी चारुदत्त नाही आणि विठोबाही नाही, जी कोणावर प्रेम करते म्हणून नव्हे, देवाची झाली म्हणून नव्हे, तर केवळ 'मला नको' म्हणून नको म्हणते, तिच्या नकाराचे मोल काय?

याचे उत्तर एका ठिकाणी अगदी आकड्यांत लिहून ठेवलेले आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गणिकाध्यक्षाचा स्वतंत्र अध्याय आहे. राजाज्ञा झाल्यावर एखाद्या पुरुषाकडे जाण्याचे गणिकेने नाकारले, तर तिला चाबकाचे १००० फटके, नाही तर ५००० पण दंड, असे तिथे सांगितले आहे. त्याच ग्रंथात दुसरीकडे, रूपाजीवेवर, म्हणजे रूपावर जगणाऱ्या साध्या वेश्येवर, कोणी बळजबरी केली, तर त्याला दंड सांगितला आहे तो १२ पणांचा. गणिका आणि रूपाजीवा यांच्या दर्जात अंतर होते हे मान्य करूनही हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. कौटिल्याला एक गोष्ट मान्य आहे: वेश्येवरही बळजबरी होऊ शकते, आणि तो गुन्हा आहे. माझ्या हवालदाराला तेवढेही मान्य नव्हते. पण तिचा नकार मोडला तर १२, आणि तिने नकार दिला तर ५०००! आपण हा हिशेब आजही पुष्कळसा याच भावाने मांडतो. फक्त आकडे लिहून ठेवण्याचा प्रामाणिकपणा आपल्यात उरलेला नाही.

तो भाव न्यायालयांतही चालत होता. १३ नोव्हेंबर १९६५ च्या रात्री मुंबईजवळच्या एका गावी एक पोलीस इन्स्पेक्टर गणवेशात एका बाईच्या झोपडीत शिरला आणि तिच्याशी झोंबू लागला. तिने आरडाओरडा केला. नवरा आणि शेजारी जमले. खात्याने चौकशी करून त्या अधिकाऱ्याला नोकरीतून काढले. तो उच्च न्यायालयात गेला आणि तिथे तो हुकूम रद्द झाला. कारण? बाई 'चारित्र्यवान' नव्हती. एका परपुरुषाशी आपला संबंध असल्याचे तिने स्वतःच मोकळेपणाने सांगितले होते. अशा बाईच्या नुसत्या शब्दावर सरकारी अधिकाऱ्याचे आयुष्य पणाला लावणे बरे नव्हे, असे ठरले. १९९० साली, म्हणजे पंचवीस वर्षांनी, सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. शिथिल चारित्र्याची म्हणून ओळखली जाणारी स्त्री असली, तरी तिलाही स्वतःचे खाजगीपण आहे. वाटेल त्याने वाटेल तेव्हा तिच्यावर हात टाकावा असे नाही. आणि केवळ त्या कारणाने तिची साक्ष फेकून देता येत नाही, असे त्या न्यायालयाने सांगितले. ही बाई पेठेतली नव्हती, हे ध्यानात घ्यावे. 'तसली' हा शब्द पेठेतल्या बायकांसाठी घडवलेला असला, तरी तो कोणत्याही स्त्रीच्या पाठीवर केव्हाही चिकटवता येतो, आणि तो चिकटला की तिचे बोलणे ऐकू येईनासे होते. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात तर तशी सोयच होती. बलात्काराच्या खटल्यात फिर्यादी स्त्री एकंदरीत दुर्वर्तनी आहे असे दाखवून तिची साक्ष खिळखिळी करता येई. हे कलम २००२ सालच्या दुरुस्तीपर्यंत कायद्यात होते. चौकीतल्या विनोदाला असा एकशेतीस वर्षांचा आधार होता.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. तुम्ही तिच्या नकाराच्या गोष्टी बोलता. पण तिचा होकार तरी खरा होता काय? दारिद्र्याने, फसवणुकीने, नवऱ्याने किंवा मामाने, कुठे यल्लम्मेच्या नावाने सोडून, तिला या वाटेला ढकललेले असते. आधी ही वाट बंद करा. हे म्हणणारे सारेच सोवळे नव्हते. जून १९३६ मध्ये मुंबईत जोगतिणी, मुरळ्या, देवदासी यांच्या सभेत डॉ. आंबेडकरांनी, उपासमार सोसावी लागली तरी हे जिणे सोडा, असे त्यांना तोंडावर सांगितले होते. ते त्यांच्यासमोर उभे राहून, त्यांना ऐकू जाईल असे, आपल्या माणसांशी बोलत होते. त्यामागची तळमळ मला नाकारता येत नाही. अजाण मुलींच्या बाबतीत तर वादच नाही. तिथे होकार-नकाराचा प्रश्नच उद्भवत नाही, तिथे फक्त गुन्हा आहे.

पण प्रौढ स्त्रीच्या बाबतीत हा आक्षेप अर्ध्यावर थांबतो असे मला वाटते. तिचा होकार परिस्थितीने पिळून काढलेला आहे, असे आपण म्हणतो. ठीक. मग ज्या क्षणी ती 'नको' म्हणते, त्या क्षणी तरी ती परिस्थितीच्या विरुद्ध, स्वतःच्या मनाने बोलत असते ना? होकाराबद्दल ज्याला शंका आहे, त्याने तिचा नकार अधिकच जपला पाहिजे. आपण शंभर वर्षे तिच्या होकाराची चिकित्सा करीत आलो, आणि तिचा नकार दाराशी बसवून ठेवला.

कायद्यांचा इतिहास पाहिला तरी हेच दिसते. १८६८ च्या कायद्याने इंग्रजांनी या बायकांची नावनिशी लिहून त्यांच्या शरीराची सक्तीने तपासणी सुरू केली. काळजी होती ती सैनिकांच्या प्रकृतीची. सैनिकांपासून बायकांना काय होते, याची तपासणी नव्हती. तो कायदा १८८८ साली गेला. १९२३ साली मुंबई प्रांताचा, १९५६ साली साऱ्या देशाचा कायदा आला. १९८६ साली त्याचे नाव बदलले आणि तो आजही चालू आहे. एकट्या प्रौढ स्त्रीने खाजगीत हा धंदा करणे हा त्या कायद्याने स्वतः गुन्हा नाही, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. पण दोघींनी परस्परांच्या लाभासाठी एक खोली केली, की तो कुंटणखाना होतो आणि गुन्हा होतो. याचा अर्थ काय होतो पाहा. दारूच्या नशेत अंगावर येणाऱ्याला आवरायला शेजारच्या खोलीत दुसरी बाई असणे, हे या धंद्यातले सर्वांत साधे संरक्षण. कायद्याला तेच नको आहे. अठरा वर्षांवरचा कोणीही तिच्या कमाईवर जगला तर तोही गुन्हेगार. मग म्हाताऱ्या आईला आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलालाही तो धाक आहेच. रक्षणासाठी केलेल्या कायद्याने तिला एकटी पाडले, आणि एकट्या बाईचा नकार मोडणे सोपे असते. आणि डोके फुटले म्हणून ती चौकीत गेली, तर आधी तिलाच विचारतात, तू कुठे होतीस आणि काय करीत होतीस!

जाता जाता एक गोष्ट बोलून टाकतो, कारण ती टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या स्त्रीचा नकार कायदा मोजत नाही, अशी आणखी एक स्त्री आहे. ती आपल्या घरात आहे. नवऱ्याने प्रौढ बायकोवर केलेली बळजबरी हा बलात्कार नव्हे, हा अपवाद १८६० च्या दंडसंहितेत होता, आणि जुलै २०२४ मध्ये लागू झालेल्या न्यायसंहितेतही तो तसाच राहिला. एक सर्वांची म्हणून तिला नाही म्हणता येत नाही. दुसरी एकाची म्हणून तिला नाही म्हणता येत नाही. वसंतसेनेला 'वधू' केले तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. तिचा नकार मात्र एका हातातून दुसऱ्या हातात गेला, एवढेच झाले असेल. म्हणून पेठेतल्या बाईचा प्रश्न पेठेतच राहील, अशी आशा घरंदाजांनी बाळगू नये.

सांगलीच्या बायकांनी १९९६ साली आपली एक संघटना काढली. तिचे नाव त्यांनी ठेवले 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद'. भाषेच्या शिक्षकाने या नावापुढे थांबले पाहिजे. आपण सुधारक मंडळी 'वेश्यामुक्ती' म्हणतो. त्यांनी त्या दोन शब्दांच्या मधे 'अन्याय' हा एक शब्द बसवला आणि सारा अर्थ पालटून टाकला. आम्हांला आमच्यापासून सोडवू नका. जे आमच्यावर केले जाते त्यापासून सोडवा. जो शब्द आम्ही शिवी म्हणून फेकत होतो, तो त्यांनी उचलून स्वतःच्या पाटीवर लिहिला.

न्यायालयेही सरकली आहेत, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. १९९९ साली कलकत्त्यात एका वेश्येला, डोके जमिनीवर आणि भिंतीवर आपटून, ठार करण्यात आले होते. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने खुन्याची शिक्षा कायम केली आणि तेवढ्यावर न थांबता, या स्त्रियांनाही सन्मानाने जगण्याचा हक्क आहे, म्हणून तो प्रश्न स्वतःहून पुढे चालवला. त्यातून १९ मे २०२२ चा आदेश निघाला: पोलिसांनी यांना माणसासारखे वागवावे, यांनी अत्याचाराची फिर्याद आणली तर ती इतर कोणाही स्त्रीच्या फिर्यादीसारखी घ्यावी आणि औषधोपचार मिळवून द्यावा, यांची ओळख उघड करू नये, आई या धंद्यात आहे एवढ्याच कारणाने मूल तिच्यापासून तोडू नये. त्याआधी सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, इच्छेविरुद्ध सुधारगृहात ठेवलेल्या तीन प्रौढ स्त्रियांना मोकळे केले होते. 'सुधारायला नको' हाही एक नकार आहे, आणि तो ऐकला गेला.

तो आदेश मी वर्तमानपत्रात वाचला तेव्हा मनात पहिल्यांदा आली ती ती बाई. 'लिहून घ्या' एवढेच ती मागत होती. देशातल्या सर्वांत मोठ्या न्यायालयाने त्रेचाळीस वर्षांनी तेच दोन शब्द उच्चारले होते. पण आदेश दिल्लीत निघतो आणि चौकी पेठेत असते. त्या दोहोंच्या मधे खुर्चीवर बसलेली माझ्यासारखी माणसे असतात. आम्ही कोणाला मारत नाही. जो मारतो त्याचा आम्हांला मनापासून तिटकारा असतो. पण मारणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: ही बाई चौकीत गेली, तर तिथे बसलेला सभ्य माणूस हसेल. तेवढ्या भरवशावर त्याचा हात उठतो. अशा रीतीने त्या भिंतीवर आपटलेल्या डोक्याशी माझा संबंध पोचतो, आणि तो मी कोणत्याही श्लोकाच्या आड लपून तोडू शकत नाही.

मी काय करायला हवे होते? फार मोठे काही नाही. खुर्चीवरून उठून म्हणायला हवे होते, "हवालदार, या बाई माझ्या आधी आल्या आहेत. आधी यांचं लिहून घ्या." एवढे वाक्य बोलायला तत्त्वज्ञान लागत नाही. फार तर माझ्या सायकलीचा कागद उशिरा झाला असता.

त्या विद्यार्थिनीला उत्तर द्यायचेही राहून गेले. आज ती आजी झाली असेल. तिला सांगायचे आहे की, बाई, तुझा प्रश्न परीक्षेतला होता, आणि मी त्यात नापास झालो. वसंतसेनेचे चारुदत्तावर प्रेम नसते, तरी तिला नाही म्हणता आले असते. ते नाही ऐकायला रंगमंचावर कोणी नसते, एवढेच.

त्या दिवशीची चौकीतली वही आता कुठल्या तरी दप्तरात कुजून गेली असेल. पण ती कधी कोणी उघडली, तर त्या तारखेला तिच्यात माझे नाव सापडेल, माझा पत्ता सापडेल, सायकलीचा क्रमांक सापडेल, आणि घंटी डाव्या बाजूला होती असेही लिहिलेले सापडेल. त्या बाईचे नाव त्या पानावर नाही. ते मला कधी कळले नाही. मी विचारलेच नव्हते.